दर दहा मिनिटांनी

दुकानात मिळतात तसले कंट्रोलर मी बघून आले होते.
काळे, गुळगुळीत, काचेच्या कपाटात.
बटणं तांदळाएवढी.
उणे बावीसमध्ये हातमोजा काढून
कोण दाबणार ती?
आणि पडदा आमच्या पाद्रीबुवांसारखा,
थंडी वाढली की बोलणंच बंद.

म्हणून घरीच केला.
कॉफीचा डबा, त्यात एक चिप, दोन रिले,
सौनाच्या जुन्या टायमरची मूठ
(ती मोज्यातूनही फिरते),
खाली मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात गाडीची बॅटरी,
माझ्याच जुन्या स्वेटरात गुंडाळलेली.
कॅमेऱ्याकडे तीन तारा जातात.
एक म्हणते, बघ.
एक म्हणते, टिप.
तिसरी नुसती जमीन धरून असते.
'बघ' मी कापून टाकली.
अंधारात बघत बसला की
टिपायचं राहून जातं त्याचं.

नदीवर बर्फ असतो मेपर्यंत.
मधोमध निळं पिंप ठेवतात गावातली मुलं,
आणि ते कधी हलेल यावर पैज.
मला पैज नको होती, मला बर्फ हवा होता,
सगळा, तुटण्याआधीचा.
चाळीस वर्षं मी घरोघर विजेचे मीटर वाचले,
महिन्यातून एक आकडा.
मधले तीस दिवस त्या घरात काय जळलं
ते आकडा सांगत नाही.

मग प्रश्न एकच: किती वेळाने?
मिनिटाला एक, तर कार्ड आठवड्यात भरतं.
तासाला एक, तर सावल्या उड्या मारतात.
स्वयंपाकघरात पाठकोऱ्या बिलावर गणित मांडलं.
दहा मिनिटं.
दिवसाचे एकशे चव्वेचाळीस फोटो,
म्हणजे अख्खा दिवस सहा सेकंदांत.
उरलेलं दृष्टीआड सृष्टी.

एप्रिलच्या मध्यावर कार्ड काढून पाहिलं.
बर्फ. बर्फ. पिंप. कोल्हा, एकदाच.
आणि एक काळा ठिपका.
मंगळवारी. शुक्रवारी. पुन्हा मंगळवारी.
एका फोटोत आपल्या काठाला,
पुढच्यात पिंपाजवळ,
त्यापुढच्यात नाहीच.

माझा भाऊ वोइत्तो मंगळवारी आणि शुक्रवारी
बर्फाखालची जाळी बघायला जातो.
मासा त्याने कधी आणला नाही,
मीही कधी मागितला नाही.

पलीकडे स्वीडन.
तिथलं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर मागे.
पलीकडच्या पिवळ्या घरात गुन्वोर राहते,
जिचा मीटर मी कधी वाचला नाही.
म्हणजे जाताना तो एक तास कमावत होता
आणि येताना परत करत होता,
आमच्या घरी उशीर कधी झालाच नाही.
अर्ध्या तासाचं अंतर ठेवलं असतं
तर तो झालाच नसता, ठिपकासुद्धा.

नऊ मे. पहाटे चार वाजून दहा: बर्फ.
चार वीस: पाणी.
मधल्या दहा मिनिटांत जे झालं ते मी ऐकलं,
अंथरुणात, खिडकीच्या काचा थरथरताना.
डब्याने नाही टिपलं.
पैज दुकानदाराचा यूसो जिंकला.

त्या मंगळवारी संध्याकाळी ठिपका
काठावर उभा. एकाच जागी.
अकरा फोटो.
पडद्यावर ते अर्धा सेकंदही टिकत नाहीत.

शाळेच्या हॉलमध्ये गावाने पाहिलं,
पावणेचार मिनिटं.
पिंप हललं तेव्हा टाळ्या.
यूसोच्या आईने विचारलं, कुठला कंट्रोलर घेऊ,
तिला सफरचंदाचा बहर टिपायचाय.
मी म्हटलं, मूठ मोठी असलेला घे.
बाकी काय सांगणार.

वोइत्तो मागच्या रांगेत, टोपी गुडघ्यावर.
घरी येईपर्यंत काही बोलला नाही.
दारात बूट झटकताना म्हणाला,
होडीला डांबर लावायला हवं यंदा.
मी म्हटलं, ब्रश न्हाणीघरामागे आहे.
दोन आहेत.